मुळाबरहुकूम

"प्रश्न पहिला, एका वाक्यात उत्तरे लिहा, पूर्णविराम. कंसात अ, ताईची चूक कोणती, प्रश्नचिन्ह. कंसात आ, ताईच्या जागी तुम्ही असता तर काय केले असते, प्रश्नचिन्ह. प्रश्न दुसरा, गटात चर्चा करा, पूर्णविराम. ताईला कोणती शिक्षा व्हायला हवी होती, प्रश्नचिन्ह." कॉपीबाईंनी नेहमीसारखं एका दमात वाचलं आणि चष्मा कपाळावर सरकवून त्या हसल्या. "घ्या नाना. आता चौथीची पोरं तुमच्या ताईंची शिक्षा ठरवणार. कळवून ठेवा हो त्यांना."

त्याचा लाल पेन शेवटच्या प्रश्नचिन्हावर टेकलेला होता, तो तिथेच राहिला आणि शाईचा ठिपका कागदावर पसरत गेला. तीस वर्षांच्या नोकरीत त्याच्या मुद्रितावर डाग पडलेला कोणी पाहिला नव्हता. छापखान्यात त्याला सगळे नाना म्हणायचे आणि चिडवायचं असलं की कविराज. माडीवरच्या त्या अरुंद खोलीत एका टेबलाला दोघं समोरासमोर बसत. कॉपीबाई लेखकाची मूळ प्रत मोठ्यानं वाचत, विरामचिन्हांसकट, आणि तो छापून आलेल्या मुद्रितावर बोट फिरवत चुका पकडत जाई. खालून यंत्रांची घरघर टेबलाच्या पायांतून वर चढे आणि पेल्यातल्या चहावर बारीक वर्तुळं उठत. या धंद्याचा नियम एकच, आणि तो त्यानं नव्या माणसांना शंभरदा तरी ऐकवला असेल: आपण खरंखोटं बघायचं नाही, मुळाशी ताडून बघायचं. मुळात सूर्य पश्चिमेला उगवला असेल तर मुद्रितातही तो पश्चिमेलाच उगवायला हवा. फार तर समासात एक प्रश्नचिन्ह टाकावं आणि हात धुऊन मोकळं व्हावं. हा नियम त्याला पहिल्या दिवशीच आवडला होता. का आवडला, याचा विचार त्यानं कधी केला नाही. चोराच्या मनात चांदणं म्हणतात ते असं.

पाठ्यपुस्तकाचं काम या वर्षी पहिल्यांदाच त्यांच्या छापखान्याकडे आलं होतं. त्याची कविता त्या पुस्तकात अठ्ठावीस वर्षं होती. ती कधीतरी आपल्याच टेबलावर येऊन पडेल असं मात्र त्याच्या डोक्यात आलं नव्हतं. पहिल्या वर्षी पाठ्यपुस्तक मंडळानं पाठवलेली प्रत त्यानं कागदात गुंडाळलेली तशीच कपाटावर ठेवून दिली होती. लोक म्हणत, काय विनय आहे! त्यानं आयुष्यात कविता एकच लिहिली, म्हणजे नाव झालेली एकच, आणि तिच्या दोन ओळी रस्त्यावरच्या कुठल्याही माणसाला म्हणता येत. आताही कॉपीबाईंनी त्या म्हटल्याच होत्या, चिन्हांसकट, कोरडेपणानं: "आरशापुढे उभी ताई, स्वल्पविराम, लाल रिबीन ओठांत, अर्धविराम. कडी उघडी, स्वल्पविराम, दार उघडे, स्वल्पविराम, बाळ निघाले उन्हात, पूर्णविराम." कवितेतला चढउतार असा सोलून काढल्यावर उरलं काय, तर एका बारा वर्षांच्या मुलीवरचा आरोप. स्वच्छ, बिनचूक, दोन ओळींचा.

"पण खरंच होती का हो लाल रिबीन?" कॉपीबाईंनी विचारलं. इतक्या वर्षांत त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

"कविता आहे ती," तो म्हणाला.

हे त्याचं ठरलेलं उत्तर होतं. सभांमध्ये, शाळांमध्ये, लग्नात भेटलेल्या दूरच्या मामेभावाला, सगळ्यांना त्यानं हेच दिलं होतं. आणि गंमत अशी, की हे ऐकून कोणाचाही विश्वास कमी झाला नव्हता, उलट वाढला होता. बिचाऱ्याला बोलवत नाही अजून, असं लोकांच्या डोळ्यांत दिसायचं. कॉपीबाईंच्या डोळ्यांतही आता तेच आलं. त्यांनी हलकेच त्याचा पेला पुढे सरकवला. "प्या. थंड झाला." त्याला त्या चहाची लाज वाटली.

रिबीन नव्हती. घरात रिबीन कधीच नव्हती. आई ताईच्या वेण्या जुन्या कापडाच्या पट्टीनं बांधायची, तीही विटलेल्या निळ्या. लाल रिबीन कोपऱ्यावरच्या दुकानात काचेमागे गुंडाळीला लावलेली असायची आणि दुकानदाराच्या मुलीच्या डोक्यावर असायची. आरसा होता, पण तो बाबांच्या दाढीचा, खिळ्यावर उंच टांगलेला. त्यात तोंड बघायला ताईला पाट घ्यावा लागला असता. त्या दुपारी ताई आरशापुढे नव्हतीच. ती मागच्या नळावर धाकट्या बबड्याची दुधाची वाटी घासत होती. हे त्याला पक्कं ठाऊक होतं, कारण तो तिच्याकडे पाठ करून मागच्याच पायरीवर बसला होता आणि मांडीवर काडेपेट्यांची चित्रं लावत होता. पलीकडच्या गल्लीतून त्यानं ती नुकतीच बदलून आणली होती: दोन जहाजं देऊन एक हत्ती. फाटकातून आत येताना दोन्ही हात चित्रांनी भरलेले होते. एक जरी सुटलं असतं तर वाऱ्यानं गेलं असतं, म्हणून त्यानं फाटक टाचेनं मागे लोटलं आणि तो आत आला. नळाचं पाणी थांबवून ताईनं विचारलं होतं, "नान्या, कडी लावलीस?" त्यानं मान वर न करता म्हटलं होतं, "लावली." एवढंच. मग पाणी पुन्हा सुरू झालं. तीन वर्षांचा बबड्या त्याच्या पाठीमागून, हाताच्या अंतरावरून, कधी पुढच्या अंगणात गेला हे कळलं नाही. बाहेर मालाची गाडी मागे घेत होते. तो आवाज त्याला नंतर आठवेना. आठवायचा तो नळाचा.

बबड्या गेल्यावर त्या घरात पंधरा वर्षं कडीचं नाव कोणी काढलं नाही. आईनं नशिबाला बोल लावला, बाबांनी गाडीवाल्याला. फाटक कोणी उघडं टाकलं हा प्रश्न कोणाला सुचलाच नाही, आणि सुचला असता तरी विचारायचं बळ कोणात होतं? कधी कधी ताई त्याच्याकडे बघायची. काही विचारण्यासाठी नव्हे, नुसतीच. तेव्हा तो उठून पाणी प्यायचा. चोविसाव्या वर्षी तो कविता लिहायला बसला तेव्हा पहिल्या खर्ड्यात मी होतो. म्हणजे तो होता. काडेपेट्यांची चित्रं होती, टाच होती, लावली हा शब्द होता. चार दिवस त्यानं त्या ओळी घासल्या आणि स्वतःशीच म्हटलं, मात्रा जुळत नाहीत. किती सोयीचं वाक्य! मात्रा दोन मिनिटांत जुळल्या असत्या. जुळत नव्हतं ते दुसरंच. पाचव्या दिवशी कुठूनशी ती लाल रिबीन आली आणि तिच्यामागोमाग आरसा आला, उभी ताई आली, आणि ओळ अशी सुरेख घरंगळत गेली की त्याचे डोळे भरून आले. ते पाणी खरं होतं, हीच त्यातली सगळ्यात घाण गोष्ट. आपण बबड्यासाठी रडतो आहोत असं त्याला वाटलं, आणि आत कुठेतरी एक ओझं अलगद दुसऱ्याच्या डोक्यावर गेल्याचं सुखही वाटलं. ताई कुठे वाचायला बसली आहे, असं तेव्हा वाटलं असेल. तेही खोटं. कारण मासिक आलं त्या दिवशी तोच ते उत्साहानं घेऊन घरी गेला होता.

ताईला सातवा महिना होता आणि ती आईकडे आली होती. आई भाजी निवडत होती. त्यानं उभं राहून, हातवारे करून कविता वाचली. दुसरं कडवं संपलं तेव्हा आईचा हात थांबला. "तू आरशापुढे होतीस?" आईनं विचारलं. त्याला नाही, ताईला. ताईनं त्याच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता, कोडं पडल्यासारखी ती बघत होती, जणू त्याच्याजवळ मूळ प्रत होती आणि तिला ताडून बघायचं होतं. एक शब्द पुरला असता. नाही, असा. किंवा निदान, अगं कविता आहे ती. त्या दिवशी, जेव्हा ते उत्तर देण्यासारखं होतं, तेव्हा ते त्याला सुचलं नाही. त्यानं नजर कागदावर नेली आणि तिसरं कडवं वाचायला सुरुवात केली. मागे कुठेतरी ताई म्हणाली, "असेन."

मग ताईला मुलगी झाली आणि आई ते बाळ तिच्याजवळ एकटं ठेवीना. ताई पाजायला घेई तेव्हा आई समोर बसून राही. पाजून झालं की उचलून नेई. "तुझं लक्ष नसतं," एवढंच म्हणे, तेही हळू. दिवसातून दहादा उठून कडी बघे. ताई काही बोलली नाही. महिनाभरात तिनं केस मानेपर्यंत कापून टाकले. बाळाच्या मुठीत येतात म्हणाली. बाळ मोठं झालं, त्याचं लग्न झालं, ताईनं गणवेश शिवणाऱ्या कारखान्यात कापड बेतायच्या टेबलावर तीस वर्षं काढली, आई गेली, पण ते केस काही पुन्हा वाढले नाहीत. तुला शोभतात, असं तो एकदा तिला म्हणाला होता. हे आठवलं की त्याला अजून आपलं तोंड कुठेतरी लपवावंसं वाटे.

दुपारनंतर त्यानं मंडळातल्या संपादकबाईंना फोन लावला. "कवितेत एक दुरुस्ती करायची आहे," तो म्हणाला. "ताई आरशापुढे नव्हती. कडी मी उघडी टाकली होती." बाई अतिशय आदरानं बोलू लागल्या. "सर, किती सुंदर! म्हणजे अपराधभाव स्वतःकडे घेण्याची ही जी कल्पना आहे ना... पण अठ्ठावीस वर्षं मुलांनी पाठ केलीय हो ही. आता बदलली तर पालकच आमच्यावर तुटून पडतील. आणि कवितेत कोण खरं शोधतं?" शोधत नाहीत, त्याला म्हणायचं होतं, सापडलंय असंच धरून चालतात. पण तो नुसताच बरं म्हणाला. "सोमवारी मुद्रितं सही करून पाठवाल ना?" बाईंनी विचारलं. तो त्यालाही बरंच म्हणाला. दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ शोधायचा त्याला पगार मिळत होता, आणि इतकी वर्षं स्वतःचं मुसळ त्यानं कपाटावर कागदात गुंडाळून ठेवलं होतं.

रविवारी सकाळी तो ताईकडे गेला. तीन जिने चढताना त्यानं काय बोलायचं ते मनात जुळवलं, आणि दुसऱ्या जिन्यावर त्याच्या लक्षात आलं की आपण ते फार चांगलं जुळवतो आहोत. ताई, एक टाच आहे जी चोपन्न वर्षं माझ्या मागे चालते आहे. असलं काहीतरी. तो कठड्याला धरून थांबला. शी! कबुली द्यायला निघालो तर तीही गोंडस करून. त्यानं ते सगळं पुसलं आणि एवढंच ठरवलं: कडी मी लावली नाही, तू विचारलंस, मी खोटं बोललो. तीन वाक्यं. ती पाठ करत तो उरलेल्या पायऱ्या चढला.

दार ताईच्या नातीनं उघडलं. तिची आई, म्हणजे एकदा उचलून नेलेलं ते बाळ, कामावर गेली होती. खिडकीपाशी शिवणयंत्रावर ताई कोणाची तरी पँट आखूड करत बसली होती, पांढरे केस कानांच्या मागे, तोंडात दोन टाचण्या. "ये रे," ती टाचण्यांतून म्हणाली. "बरा वेळेवर आलास. हिला तुझी कविता म्हणायचीय मंगळवारी. सगळ्या शाळेपुढे. एकदा ऐक बाई हिची." तो नको म्हणायच्या आत पोरगी फरशीवर ताठ उभी राहिली होती. ती कविता त्याच्याच हातवाऱ्यांनी म्हणत होती. हे तिला कोणी शिकवलं असेल? "आरशापुढे उभी ताई, निळी रिबीन ओठांत," ती म्हणाली.

"लाल," ताईनं टाचण्या काढून हातात घेतल्या. "निळी काय? लाल होती."

"तू खरंच तोंडात धरली होतीस, आजी?"

"धरावीच लागते. दोन्ही हात वेणीत गुंतलेले असतात ना." ताई यंत्राचं चाक हातानं फिरवत होती. "चव आठवते मला अजून. नव्या रिबिनीला खळ असते. जिभेला चरचरतं."

खळ. तीस वर्षं कोऱ्या कापडाचे गठ्ठे उलगडणारी बाई बोलत होती. त्यानं रिबिनीला नुसता रंग दिला होता, चव तिनं आपल्या कामातून आणून घातली होती. त्याच्या दोन ओळींना तिनं आत घेऊन, वर्षानुवर्षं खाऊपिऊ घालून, त्यांची हाडामांसाची आठवण बनवली होती. तो खुर्चीच्या कडेवर बसला. "बाळा, जरा आत जाशील?" त्यानं नातीला सांगितलं. "मी इथेच अभ्यास करते," ती म्हणाली आणि वही काढून जमिनीवर बसली. मग त्यानं ती असतानाच बोलून टाकलं.

"ताई, कडी मी लावली नव्हती. तू नळावरून विचारलंस, मी म्हटलं लावली. खोटं बोललो."

चाक फिरायचं थांबलं. ताईनं त्याच्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा इतका मऊ झाला की त्याला पळून जावंसं वाटलं. "वेडा आहेस का रे नान्या? नऊ वर्षांचं पोर तू. माझा भार हलका करायला आलास होय? उलट मीच तुझी माफी मागायची राहिलेय. कधीपासून घोकतेय, तोंड होत नव्हतं. तुझाही भाऊ होता तो. माझ्या एका वेणीपायी."

"वेणी नव्हती गं. तू वाटी घासत होतीस. रिबीन घरात कधी आलीच नाही. आपल्याकडे निळी पट्टी असायची."

"रिबीन नव्हती कशी? पुस्तकात आहे की."

"मी घातलीय ती पुस्तकात!" त्याचा आवाज चढला. नातीनं मान वर केली. "मी घातली, ताई. सुचली म्हणून. ओळ चांगली होत होती म्हणून. आणि तू... तू पाणी बंद केलंस आणि विचारलंस. आठव. कडी लावलीस?"

ताईचा हात मानेमागे गेला, जिथे काही नव्हतं तिथे, आणि बोटं काहीतरी शोधल्यासारखी हलली. स्वयंपाकघरात नळ ठिबकत होता. ती तिकडे बघत राहिली. तिच्या ओठांच्या कडेला काहीतरी उमटू लागलं आणि तिनं फार हळू म्हटलं, "वाटीला... साय चिकटली होती." त्याच्या छातीत एकदम जागा झाली. तो हो हो म्हणत पुढे सरकला. पण ती त्याच्याकडे बघत नव्हती. तिच्या डोळ्यांसमोरून एकेक दिवस जात होता हे त्याला दिसत होतं, आणि ते कोणते दिवस हेही त्याला ठाऊक होतं.

"नको," ताई म्हणाली. "नको नान्या."

"खरं आहे ते."

"असेल. पण मग आईनं लेकरू माझ्या मांडीवरून उचलून नेलं ते कशापायी? मी गप्प बसले ती कशापायी? निदान कारण तरी होतं मला. आता या वयात तेही काढून घेतोस?" ती रागावली नव्हती. बेतलेलं कापड परत मागायला आलेल्या माणसाला समजवावं तसं ती बोलत होती. "तू लिहिलंस ते छान लिहिलंस. मला त्यात राहायची सवय झालीय. राहू दे."

तिनं टाचण्या पुन्हा ओठांत धरल्या आणि चाकाला हात घातला. म्हणजे आता बोलणं संपलं. तो तिच्या ओठांतल्या त्या टाचण्यांकडे बघत बसला. माफी मिळाली असती तर काय केलं असतं हे त्यानं जिन्यात ठरवलं होतं, शिव्या मिळाल्या असत्या तरी ठरवलं होतं. हे ठरवलं नव्हतं.

"नानाआजोबा, तुम्ही चुका तपासता ना?" नातीनं वही त्याच्या गुडघ्यावर ठेवली. "एका वाक्यातलं हे बघा." मोठ्या गोल अक्षरांत लिहिलं होतं: ताईने दाराची कडी लावली नाही. त्यानं खिशातून लाल पेन काढला, ताईने हा शब्द खोडला आणि वर लिहिलं, भावाने. शब्द नऊ वर्षांच्या पोरानं लिहावा तसा उतरला.

पोरगी गोंधळली. "आजी, बघ ना! बाई चूक देतील."

ताईनं वाकून पाहिलं. बराच वेळ पाहिलं. मग टाचण्या काढून ती अगदी साधेपणानं म्हणाली, "नानाआजोबा थकलेत आज. नव्या पानावर काढ. पुस्तकात आहे तसं लिही."

पान फाटल्याचा आवाज झाला. पोरगी पालथी पडून, एकेक शब्द मोठ्यानं म्हणत, जीभ बाहेर काढून पुन्हा लिहू लागली. ताईने. दाराची. कडी. शिवणयंत्र सुरू झालं आणि त्याची घरघर फरशीतून त्याच्या तळपायांना लागली. त्याला लाज वाटत होती, नुसती लाज, तिला आता कोणी घ्यायलाही तयार नव्हतं. पोरीनं वही वर धरली. तो बघणार नव्हता. पण तीस वर्षांची सवय, डोळा आपसूक ओळीवरून सरकत गेला, पहिल्या अक्षरापासून शेवटच्यापर्यंत, मुळाशी ताडत.

"शेवटी पूर्णविराम राहिला," तो म्हणाला.